जबलपूरचा त्रेपन्नावा ताल

जबलपूरला कधीकाळी बावन्न तलाव होते म्हणतात. राणीताल राणीने बांधला, चेरीताल तिच्या दासीने, आधारताल दिवाणाने. त्रेपन्नावा मात्र सुनेत्रा रामटेके या अकरावी ‘ब’मधल्या मुलीने एका दुपारी, माइकवरून, एका शब्दात बांधला. तिला पोहता येत नव्हतं. तलाव तर तिला नकोच होता. तिला हवा होता रस्ता, आणि तोही नवा नाही, आहे तोच.

हा रस्ता म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण ज्यांनी तो पाहिलाय ते त्याला रस्ता म्हणणार नाहीत. सम्यक कॉलनीच्या मागे छोट्या लाइनचं जुनं यार्ड आहे. छोटी लाइन म्हणजे नैनपूरकडून येणारी, अरुंद रुळांवरून डुलत चालणारी ती गाडी. ती बंद झाली, रूळ उचलून नेले, आणि मागे उरलं बाभळीचं रान, छप्पर उडालेली एक इंजिनशेड आणि बकऱ्या. कॉलनीच्या भिंतीला एक भगदाड आहे. त्यातून वाकून आत शिरायचं, पायवाटेने सरळ चालायचं, पलीकडच्या फिरत्या फाटकातून बाहेर पडायचं, की समोर बसस्टॉप आणि तिच्या शाळेकडे, राइट टाउनला जाणारी बस. सात मिनिटं. यार्ड टाळून जायचं तर पुलावरून वळसा, दोन ऑटो, पन्नास मिनिटं, आणि शेवटी वर्गाच्या दारात उभं राहून फिजिक्सच्या सरांचं ते काहीही न बोलता बघणं.

तर अशा या यार्डावर दिवाळीनंतर एक बोर्ड लागला. सुनेत्राचे वडील, अंबादास, फॅक्टरीतून येताना स्कूटर थांबवून तो तीनदा वाचून आले.

“पारगमन उन्मुख विकास,” घरी येऊन ते म्हणाले, आणि चहाचा कप हातात धरून बसले. सरकारी फॅक्टरीत एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला सरकारी हिंदी कळू नये, हे त्यांना लागलं होतं.

“पापा, म्हणजे तिथे बसस्टँड होणार, छोटं स्टेशन होणार,” सुनेत्रा म्हणाली. तिने मोबाइलवर सगळं वाचलं होतं. “वर फ्लॅट, खाली दुकानं, बाजूला बगीचा. सगळं इतकं जवळ, की लोकं गाड्या सोडून पायी चालतील.”

“अच्छा,” आई म्हणाली. आईचं नाव कलावती, आणि ती थोडक्यात बोलते. “मंग आतापर्यंत आपण का हेलिकॉप्टरनं जाऊन राहिलो होतो?”

खरी गोम पुढे होती. लोकांनी पायी चालावं म्हणून आखलेल्या त्या नकाशात कॉलनीच्या बाजूने सलग उंच भिंत होती. भगदाड नव्हतं, पायवाट नव्हती. अंबादासांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि व्यवहाराचं बोलले. “फॅक्टरीचा भोंगा साडेसातले वाजते. मी तुले सोडू शकत नाही. जानेवारीपासून भिंतीचं काम सुरू होईन. रस्ता गेला तर टी.सी. काढू आणि गिरणीमागच्या शाळेत टाकू. पाच मिनिटावर हाये.”

सुनेत्राने पोह्यांची बशी बाजूला सारली.

गिरणीमागच्या शाळेत वाईट असं काही नव्हतं. पण तिथे स्टेज नव्हतं. आणि इथे हे सांगणं भाग आहे, की गेल्या वर्षीपर्यंत वर्गात नाव विचारलं तरी सुनेत्रा शेजारणीकडे बघायची, की सांग बाई तूच. जुलैत वाद-विवाद स्पर्धेच्या दोन्ही मुलींचे डोळे एकाच दिवशी आले, मॅडमने हाताला लागली ती मुलगी ढकलून दिली, आणि ती मुलगी कप घेऊन परत आली. तेव्हापासून ती जी बोलायला लागली ती थांबलीच नव्हती. सदर बाजारातून तिने टेबलावर ठेवायची पितळी घंटी आणली होती, तीन मिनिटांचा सराव करायला. सराव तिचा, घंटी मात्र घरात कोणीही लांबण लावलं की वाजायची. अंबादासांना जेवताना दोनदा ऐकावी लागली होती.

“टी.सी. नाही निघणार,” ती म्हणाली. “लोकांना विचारून नकाशा पक्का करणार आहेत, पापा. रविवारी विहाराच्या हॉलात मीटिंग आहे. मी बोलते ना.”

“हो, बोल,” आई म्हणाली. “आतापर्यंत तं तू चूपच होती.”

*

रविवारसाठी सुनेत्राने दोन दिवस खपून एक बॅनर केला. तीन चार्टपेपर जोडून, चकचकीत अक्षरांत, ‘नियोजन दल का हार्दिक स्वागत’. सकाळी ती तो घेऊन हॉलात गेली तेव्हा समोरच्या भिंतीवर कोणीतरी आधीच एक कागद चिकटवून ठेवला होता. भिंतीला खिळे तेवढेच होते आणि तिथेच होते. सुनेत्राने बॅनर त्या कागदावरून टांगला. कागदावर काय होतं ते तिने पाहिलं नाही. आपणही आत्ताच पाहू नये.

दुपारी नियोजन दल आलं. दल म्हणजे एकटे शशिकांत सर, भोपाळहून आलेले तरुण साहेब, आणि मागे रजिस्टर धरलेले ऑफिसचे बाबू, दयारामजी. सरांनी टेबलावर सतरंजीएवढा नकाशा पसरला. सात दिवसांत सात वॉर्डांत मीटिंगा घेऊन त्यांचा आवाज पार बसला होता. ते बोलले की फक्त हवा यायची. पुढच्या रांगेतल्या सुनेत्राकडे पाहून त्यांनी माइक तिच्या हातात दिला.

“बेटा, आप समझा दीजिए,” ते कुजबुजले. “हर आदमी को एक स्टिकर। नक्शे पर जहाँ जो चाहिए, वहाँ लगाना है। और रंग...” त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

सुनेत्राने भिंतीकडे पाहिलं. बॅनर दुपारच्या उन्हात चमकत होता.

“जी सर, मैंने ही बनाया है,” ती लाजून म्हणाली.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले. माणसाच्या आयुष्यातले फोन कधी येतात आणि कधी येत नाहीत यावर कोणीतरी एकदा नीट अभ्यास करायला पाहिजे.

दयारामजींनी डबा उघडला. आत सहा रंगांच्या गोल टिकल्यांच्या पट्ट्या होत्या. शेजारच्या पार्वताबाईंनी त्यातली एक मरून टिकली आधी कपाळाला लावून पाहिली, मग विचारलं, “कोनता रंग लावाचा व, सुनेत्रा?”

सगळ्या हॉलाने वळून पार्वताबाईंकडे पाहिलं. प्रश्न अवघड होता म्हणून नाही. हा काय प्रश्न झाला, म्हणून. ज्या कॉलनीत विहाराच्या खिडक्या निळ्या, चौदा एप्रिलच्या पताका निळ्या, अंबादासांची स्कूटर निळी, आणि पार्वताबाईंच्या घरचा पाण्याचा ड्रमसुद्धा निळा, तिथे हे विचारतं का कोणी?

“निळा,” सुनेत्रा माइकमध्ये म्हणाली. आणि भाषण चांगलं चाललंय असं वाटल्यामुळे पुढे म्हणाली, “सगळ्यांनी एकच रंग. एकी दिसली पाहिजे! आणि आपल्या पायवाटेवरच लावा. भगदाडापासून फाटकापर्यंत, ओळीने!”

दरवर्षी दोन हजार माणसांची मिरवणूक काढणाऱ्या कॉलनीला ओळ कशी लावायची हे शिकवावं लागत नाही. माणसं उठली, टिकली घेतली, लावली, पुढे सरकली. दयारामजी प्रत्येकाचं नाव लिहून घेत होते. नकाशावर भिंतीपासून बसस्टॉपपर्यंत एक सुंदर, सरळ, निळी रेघ उमटायला लागली.

त्यात एकच खंड पडला. बाबाराव उभे राहिले. बाबाराव म्हणजे छोट्या लाइनचे रिटायर काँटेवाले, रूळ बदलून गाडी या लाइनवरून त्या लाइनवर घेणारे. वय अठ्ठ्याहत्तर. हातात टिकली होती, पण ते टेबलाकडे न जाता माइककडे आले.

“मी काय म्हणतो,” ते म्हणाले, “एकोणसत्तर साली जेव्हा मी या यार्डात लागलो, तेव्हा ते वाट—”

हॉलातल्या बायांनी पदर सावरले. एकोणसत्तर सालाहून निघालेले बाबाराव प्रत्येक स्टेशनवर थांबत थांबत येतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुनेत्राने घड्याळ पाहिलं, मागची रांग पाहिली आणि घंटी वाजवली.

“आबाजी, थोडक्यात.”

बाबारावांनी घंटीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. “थोडक्यात?” एवढंच म्हणाले. टिकली त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवली, डबी बंद केली आणि चप्पल घालून निघून गेले. सुनेत्राला ते दिसलं होतं. पण मोठ्या कामात असं होतंच, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि स्वतःला ते पटलंही.

*

तीन आठवड्यांनी कच्चा नकाशा नियोजनाच्या ऑफिसात लागला. अंबादासांनी हाफ डे घेतला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि शाळेतून सुनेत्राला घेऊन ते तिथे गेले. जिना चढतानाच शशिकांत सरांनी तिला ओळखलं. त्यांचा आवाज परत आला होता.

“अरे आइए, आइए! रामटेके जी, बधाई हो। पूरे शहर में ऐसी एकता नहीं देखी। बाक़ी वार्डों में लोग पार्किंग पर लड़ते रह गए, और आपके यहाँ दो सौ बारह के दो सौ बारह एक तरफ़!”

अंबादासांची मान जराशी ताठ झाली. सरांनी नकाशावर बोट ठेवलं. कॉलनीच्या भिंतीपासून बसस्टॉपपर्यंत, पायवाटेच्या बरोबर जागी, पायवाटेएवढीच रुंद अशी निळी पट्टी होती. बाजूला छापलं होतं: ‘रेखीय जलाशय, नौकाविहार सहित’.

“हे... पाणी हाये?” अंबादास मराठीतच म्हणाले.

“जलाशय, जी। आप ही लोगों की माँग थी। बिटिया ने तो सबको समझाया था। रंगों की सूची दीवार पर लगी थी ना?”

सुनेत्रा आयुष्यात पुष्कळदा गप्प बसली होती. पण बोलता येत असताना गप्प बसण्याची ही तिची पहिलीच वेळ होती, आणि ते फार जास्त अवघड असतं.

परत येऊन दोघं थेट विहारात गेले. बॅनर अजून तिथेच होता, कोणालाही काढावासा वाटला नव्हता. अंबादासांनी तो एका बाजूने उचलला. खाली कागद. लाल दुकानं, हिरवा बगीचा, निळा जलाशय, आणि शेवटच्या ओळीत, पिवळा: पैदल मार्ग.

“पिवळा होता, बाई,” अंबादास म्हणाले. रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं. दारात माणसं यायला लागली, आणि प्रत्येकाजवळ सल्ला होता. कोणी म्हणालं, एक नाव घेऊन टाका, पोरगी वल्हवत जाईन. कोणी म्हणालं, डासांचं काय? कोणी म्हणालं, तलावावर घर म्हणजे भाव किती वाढतो ठाऊक हाये का? पार्वताबाईंचा सल्ला सगळ्यात धोक्याचा होता, कारण तो चांगला होता.

“मी तं म्हणतो होऊ द्या तलाव,” त्या ओट्यावर बसत म्हणाल्या. “सिंघाडे लावू. माह्या माहेरी तलावात लावत. उकडून इकले तं सम्द्या बाया कामाले लागतीन.”

“मावशी, आणि माझी शाळा?”

“शाळेतही नेजो ना सिंघाडे.”

दोन दिवसांत कॉलनीत रस्त्याची पार्टी आणि सिंघाड्याची पार्टी असे दोन तट पडले, आणि सिंघाड्याची पार्टी वाढत होती. एकी दाखवा म्हणणाऱ्या मुलीला तिच्याच कॉलनीने दाखवलेलं हे उत्तर होतं. अंबादासांनी मात्र वाद घातला नाही. ते ताटापुढून उठले, चष्मा लावला, आपला शाईचा पेन काढला आणि अर्ज लिहायला बसले. नकाशावर आक्षेप घ्यायला पंधरा दिवस असतात. त्यातले नऊ उरले होते. अर्ज तीन पानी झाला. त्यात ‘सविनय निवेदन’ चार ठिकाणी होतं.

दयारामजींनी तो अर्ज अगदी मनापासून, बोट ठेवून वाचला. मग रजिस्टर उघडलं.

“रामटेके अंबादास। क्रमांक सत्रह। सुझाव: जलाशय।” त्यांनी वर पाहिलं. “और अब आपत्ति: जलाशय नहीं चाहिए। भैया, सुझाव भी आपका, आपत्ति भी आपकी?”

“ग़लती से लग गया था।”

“दो सौ बारह लोगों से?”

अंबादासांनी अर्जाची तीन पानं पुन्हा सारखी केली.

“देखिए,” दयारामजी आवाज खाली आणून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. नियमाने बांधलेला होता, आणि नियम घट्ट बांधलेला होता. “अपने सुझाव पर अपनी आपत्ति नहीं लगती। कोई दूसरा लगाए। उसी कॉलोनी का हो, और जिसने स्टिकर न लगाया हो।”

“ऐसा तो कोई नहीं है, अंकल,” सुनेत्रा म्हणाली. “सबने लगाया।”

दयारामजींनी रजिस्टरची शेवटची ओळ दाखवली. “बँटे दो सौ तेरह। चिपके दो सौ बारह। एक है। उसको ले आओ।”

परत येताना बापलेक दोघं स्कूटरवर होते. पुलावर जाम होता. पुलाच्या मध्यावर अंबादास मान न वळवता म्हणाले, “मी येऊ का संगं?”

“नाही,” सुनेत्रा म्हणाली. “घंटी मी वाजवली होती.”

*

बाबाराव अंगणात खाटेवर बसून मटार सोलत होते. जबलपूरला थंडीत मटार किलोने आणत नाहीत, पोत्याने आणतात; सुनेने अर्धं पोतं सासऱ्यापुढे ओतून ठेवलं होतं.

“जय भीम, आबाजी.”

“जय भीम.” त्यांनी वर पाहिलं नाही. “बोल. थोडक्यात.”

सुनेत्राने येताना वाटेत पूर्ण भाषण तयार केलं होतं. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. “माझं चुकलं, आबाजी,” ती म्हणाली. “तुम्ही बोलत होते आणि मी...” आणि तिला रडू यायला लागलं, जे भाषणात कुठेच नव्हतं.

बाबारावांनी खाटेवरची जागा झटकली. “बस. सोल.”

ती बसली. सोलायला लागली.

“तुही घंटी कुठं हाये?”

दप्तरातच होती. त्यांनी हात पुढे केला, तिने दिली. त्यांनी ती उशीखाली घातली. “मी आपत्ती देईन. पन पयले मी त्या दिवशी जे सांगून राहिलो होतो ते पूर्न सांगन. मधात बोलाचं नाही.”

आणि बाबाराव एकोणसत्तर सालाहून निघाले.

पहिल्या टोपलीभर मटारात सुनेत्राने मनातल्या मनात दोनदा घंटी वाजवली. इंजिनांचे नंबर झाले, स्टेशनमास्तरांची नावं झाली, नैनपूरच्या गाडीतून उतरणारे भाजीवाले झाले, गाडी इतकी हळू की चालत्या गाडीतून उतरून बोरं वेचून माणूस मागच्या डब्यात चढायचा, ते झालं. दुसऱ्या टोपलीत तिचे हात कधी थांबले ते तिला कळलं नाही.

“माही बायको, नर्मदा, रोज त्या वाटेनं डबा आणे. दोन दहाची गाडी याच्या पयले. पानी असो, पाऊस असो. सम्दं यार्ड पान्यानं भरे, दोन्हीकडं गुडघा गुडघा पानी. पन तिच्या चपला कधी ओल्या नाही झाल्या. कोरड्या पायानं ये. मी तिले म्हनो, तू काय उडत येतं का?” बाबाराव हसले आणि एक शेंग उगाच उलटी-पालटी करत राहिले. “म्हनून मी त्या दिवशी म्हनून राहिलो होतो, की ते वाट...”

“आबाजी!” सुनेत्रा उभी राहिली. मांडीवरचे मटार अंगणभर झाले. “चपला ओल्या नाही झाल्या, म्हणजे वाट उंच आहे?”

“मंग? जुन्या लाइनचा भराव हाये तो. यार्डातली सगळ्यात उंच जागा.”

“मग त्याच्यावर तलाव...”

“तेच तं सांगून राहिलो होतो,” बाबाराव म्हणाले. “तू घंटी वाजवली. आता ते मटार उचल.”

*

सुनावणी विहाराच्याच हॉलात झाली. या वेळी मोठे साहेब आले होते, सफारी घातलेले, दोन फोनवाले. बाजूला शशिकांत सर, आणि टेबलाच्या टोकाला दयारामजी. दयारामजींपुढे ऑफिसची घंटी होती. माणशी तीन मिनिटं. बॅनर आता भिंतीवर नव्हता. तो घडी घालून सुनेत्राच्या पलंगाखाली गेला होता.

“बाबाराव जी,” दयारामजी म्हणाले, “प्रमाण चाहिए कि आपने स्टिकर नहीं लगाया।”

बाबारावांनी खिशातून चष्म्याची डबी काढली, उघडली, आणि चष्म्याखालून कागदासकट एक निळी टिकली काढून टेबलावर ठेवली. दयारामजींनी ती निरखली आणि आदराने रजिस्टरला टाचली. एखाद्या सरकारी दप्तरात इतका निर्विवाद पुरावा क्वचितच आला असेल.

मग बाबारावांनी घसा खाकरला. “साहब, सन उनहत्तर में जब मैं इस यार्ड में आया...”

दोन मिनिटं झाली. इंजिनांचे नंबर चालू होते. साहेबांनी एका फोनकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. मागून पार्वताबाईंनी जांभई दिली, ती सगळ्या हॉलाने ऐकली. अडीच मिनिटं. दयारामजींचा हात घंटीकडे निघाला. सुनेत्रा रांगेतून उठली, टेबलापाशी गेली आणि तिने घंटीवर आपला तळहात ठेवला.

“रहने दीजिए, अंकल,” ती म्हणाली. “ये आगे आता है।”

“बेटा, नियम...”

“नियम मुझे पता है। मैंने ही एक बार बजाई थी। उसी से तालाब बना है।”

दयारामजींनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी दोन्ही फोन उलटे ठेवले. बाबाराव यातलं काहीही लक्षात न घेता सत्त्याहत्तर सालापर्यंत पोचले होते. बावीस मिनिटांनी नर्मदाबाईंच्या कोरड्या चपला आल्या, तेव्हा साहेब पुढे वाकून ऐकत होते. पार्वताबाईंनीही जांभई दिली नाही. त्या नर्मदाबाईंच्या मैत्रीण होत्या.

“पानी ऊपर नहीं चढ़ता, साहब,” बाबाराव म्हणाले आणि खाली बसले.

“शशिकांत,” साहेब म्हणाले, “ये ऊँचाई पर है? आप गए थे वहाँ?”

“सर, हमने ऊपर से... सैटेलाइट से...” शशिकांत सरांचा आवाज पुन्हा बसला.

“चलिए,” साहेब उठले. “देख ही लेते हैं।” ड्रायव्हरला त्यांनी गाडी घेऊन वळशाने बसस्टॉपवर यायला सांगितलं.

मग सम्यक कॉलनीने जे पाहिलं ते ती अजून विसरलेली नाही. भगदाडातून आधी बाबाराव वाकून गेले, मग सफारीतले साहेब, मग लॅपटॉप छातीशी धरून शशिकांत सर, मग रजिस्टर डोक्यावर धरून दयारामजी, आणि मागे अंबादास, सुनेत्रा, आणि रस्त्याची व सिंघाड्याची अशा दोन्ही पार्ट्या. दोन्हीकडे जमीन खाली उतरत गेली होती, पायवाट तेवढी वर. बाबाराव पुढे चालत होते आणि एक शब्दही बोलत नव्हते. बोलून झालं होतं. साहेबांची पँट एकदा बाभळीत अडकली, ती सोडवण्यात अर्धं मिनिट गेलं. साडेसात मिनिटांत सगळे बसस्टॉपवर.

गाडी आली नव्हती.

कोपऱ्यावर मंगोड्यांचा, म्हणजे मूगडाळीच्या भज्यांचा, ठेला होता. अंबादासांनी साहेबांना गरम मंगोडे दिले. साहेबांनी खाल्ले, घड्याळ पाहिलं. ड्रायव्हरला फोन लावला. “पुल पर हूँ, सर। जाम है।” दुसरी प्लेट झाली. राइट टाउनची बस आली आणि गेली. “पुल पर ही हूँ, सर।” सुनेत्राला फार बोलावंसं वाटत होतं. मुद्दा क्रमांक एक, मुद्दा क्रमांक दोन, सगळं तयार होतं. तिने तोंडात एक अख्खा मंगोडा कोंबला आणि गप्प राहिली. तिसऱ्या प्लेटला साहेबांनी मिरची मागितली. बेचाळिसाव्या मिनिटाला गाडी आली.

साहेबांनी गाडीकडे पाहिलं, मग मागे, सरळ, रिकाम्या पायवाटेकडे पाहिलं, आणि हात पुसत म्हणाले, “शशिकांत, यहाँ पीला लगाइए।”

*

पक्क्या नकाशात पायवाट आली. पिवळी. भगदाडाच्या जागी फाटकही आलं, त्यामुळे आता वाकावं लागणार नाही, याचं कॉलनीतल्या उंच माणसांना फार बरं वाटलं. पायवाटेच्या डाव्या हाताला, इंजिनशेडमागे, जिथे नाहीतरी पावसाचं पाणी साचतंच, तिथे एक छोटासा निळा ठिपका राहिला. दोनशे बारा लोकांची मागणी अगदीच पुसून टाकणं दयारामजींना नियमात बसवता येईना. पार्वताबाईंनी त्याची लांबी-रुंदी विचारून घेतली आहे. अंबादासांनी आणून ठेवलेल्या टी.सी.च्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कलावतीने किराण्याची यादी लिहिली.

शाळेची पहिली घंटा सात वीसला होते. रस्ता सात मिनिटांचा, पुढे बस दहा मिनिटांची. सुनेत्रा घरून साडेसहाला निघते, कारण भरावाच्या मध्यावर, रुळांखालून उरलेल्या एका जुन्या लाकडी स्लीपरवर, शाल पांघरून आबाजी बसलेले असतात. सध्या ते ब्याऐंशी सालात आहेत. ती शेजारी बसते, ऐकते, आणि मधूनच, न राहवून, काहीतरी विचारायला तोंड उघडते. आबाजी शालीतून हात काढतात आणि घंटी वाजवतात.